हवेने सोडवावे, हाताने आवळावे
सदर : घरची हत्यारे, घरची दुरुस्ती



पेरण्या उरकल्या, भांगलणीला मजूर लागले, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की शेतकऱ्याचे लक्ष गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडकडे जाते. ट्रॅक्टर तेथेच, मोटारसायकल तेथेच, आणि हल्ली पुष्कळ घरांतून एखादी जुनी-नवी मोटारही तेथेच उभी असते. चाकातली हवा उतरली म्हणून तालुक्याला धाव, एक नट निघत नाही म्हणून गॅरेजवाल्याची मनधरणी, यात अर्धा दिवस जातो. म्हणून प्रश्न येतो की, हवेचा कॉम्प्रेसर घरीच घ्यावा काय? आणि घेतला तर त्यावर कोणती हत्यारे घ्यावीत?

आमच्या शेडात कॉम्प्रेसर आला तो हौसेने नव्हे. त्याची हकीगत आधी सांगतो, कारण आजचा सगळा धडा तिच्यातच आहे.

२०१८ सालच्या श्रावणातली रात्र. सूनबाईंना दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या म्हणून त्यांना मोटारीत घालून तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. सोबत सौभाग्यवती आणि माझे धाकटे बंधू. ओढ्याच्या पुलाअलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. जादा चाक होते, जॅक होता, पाना होता. काळजीचे कारण नव्हते. पण नट हलेनात! आठच दिवसांपूर्वी रस्त्यावरच्या एका दुकानात टायर बदलून घेतले होते आणि तेथल्या पोराने हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करीत चारही नट आवळले होते. तेव्हा मला कौतुक वाटले होते. आता बंधू फूटभर पान्याच्या टोकावर दोन्ही पायांनी उभे राहिले, तरी नट जागचा सुटेना. दोन नट कसेबसे निघाले, तिसऱ्याचे कोपरे झिजले, पाना निसटला आणि बंधूंची बोटे सोलून निघाली. आत सूनबाईंचे कण्हणे ऐकू येत होते.

पहाटे दूध गोळा करणारा टेम्पो आला. कॅन मागे सरकवून त्याने सूनबाईंना आणि सौभाग्यवतींना पुढच्या बाकावर घेतले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. नात आता शाळेत जाते. सौभाग्यवती मात्र अजून म्हणतात, “अहो, नात झाली ती दुधाच्या गाडीमुळे. तुमच्या पान्याचं त्यात काही नाही.”

त्या नटाचा हिशोब मी नंतर मांडला. बहुतेक लहान मोटारींच्या चाकाचा नट किती आवळावा? एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ९ ते ११ किलो वजन टांगले असता जितका जोर लागेल, तितका. फूटभराच्या पान्यावर हाच जोर धरला तर टोकाला ३० ते ३५ किलोंचा दाब होतो. म्हणजे धडधाकट माणसाने, किंवा बाईनेही, जोर लावून दाबले की पुरे. माझे बंधू ६० किलोंचे. ते पान्यावर उभे राहिले म्हणजे जवळजवळ दुप्पट जोर झाला. तरीही नट सुटला नाही. कारण अर्ध्या इंची हवेची गन पूर्ण ताकदीने चालवली तर ती या प्रमाणाच्या चार-पाच पट जोरानेही नट आवळू शकते. गनला कळत नाही की आता पुरे झाले. ते कळते फक्त हाताला.

रागाच्या भरात मी पुढच्याच महिन्यात कॉम्प्रेसर आणला. आणि गंमत पहा, पहिल्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने त्याच हौसेने ट्रॉलीचे नट गनने आवळले आणि एक बोल्ट मुळापासून तोडून ठेवला. म्हणजे दोष गनचा नव्हता आणि दुकानातल्या त्या एका पोराचाही नव्हता. ताकद आयती हातात आली की माणूस असाच वागतो. त्या दिवसापासून शेडच्या दारावर खडूने लिहिले आहे : ‘हवेने सोडवावे, हाताने आवळावे.’

यंत्र किती मोठे?

हत्यारे निवडण्यापूर्वी आपले यंत्र किती हवा देते ते पाहावे. विहिरीला पाणी किती हे न पाहता पंप घेतला तर जे होते, तेच येथे होते.

घरगुती कामाला १ ते २ अश्वशक्तीचे, ५० लिटरच्या आसपास टाकीचे यंत्र सोयीचे. दुकानदार दाबाचा आकडा सांगतो, टाकीचा सांगतो. आपण विचारायचे ते वेगळेच : मिनिटाला प्रत्यक्ष किती घनफूट हवा मिळते? पाटीवर पुष्कळदा पिस्टन किती हवा ओढतो तो आकडा असतो, आणि तो मोठा दिसतो. नळीच्या टोकाला मिळणारी हवा त्याहून कमीच भरते. तिला व्यापारात ‘एफ. ए. डी.’ म्हणतात. तो आकडा मागावा.

टाकीचा हिशोब सोपा आहे. समजा, यंत्र ८ किलो दाबाला बंद होते आणि ६ किलोला पुन्हा सुरू होते. मधल्या २ किलोंत ५० लिटरची टाकी १०० लिटर साधी हवा देते, म्हणजे साडेतीन घनफूट. बस्स, एवढीच शिल्लक. आमचे यंत्र मिनिटाला ६ घनफुटांच्या आसपास देते. नट सोडवायला गन चार-पाच सेकंद चालते, मग आपण दुसऱ्या नटाकडे वळतो, तोवर टाकी भरत राहते. म्हणून हे काम जमते. पण लोखंड घासायचा हवेवरचा ग्राइंडर किंवा पत्रा घासायचे सँडर मिनिटाला १० घनफूट किंवा अधिक हवा मागते, आणि तेही न थांबता. मिनिटभरात दाब उतरतो आणि पुढे यंत्र नुसते धापा टाकते. तापून मोटर जळायचीही भीती. म्हणून घासायच्या कामाला साधा विजेवरचा ग्राइंडर बरा. हवेच्या हत्यारांचा सगळा संच पेटीत मांडून विकायला ठेवलेला असतो. तो पाहून भुलू नये. त्यातली निम्मी हत्यारे आपल्या टाकीला पेलत नाहीत.

आता आमच्या शेडातली हत्यारे, उपयोगाच्या क्रमाने सांगतो.

पहिले : हवा भरायचे गेज

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अधिक वापराचे. घोडा, म्हणजे दाबायची मूठ, गेज आणि लांब नळी असे एकत्र मिळते. नळीच्या टोकाला वॉल्व्हवर आपोआप धरून बसणारी चिमटी असलेले घ्यावे. का, ते पुढे सांगतो.

रबरी हवेचे टायर ज्याच्या नावाने प्रसिद्ध झाले तो डनलप मूळचा गुरांचा डॉक्टर होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. बेलफास्ट शहरात आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने खटपट केली आणि १८८८ साली पेटंट घेतले. हवेचे टायर सर्रास वापरात आले ते तेव्हापासून. पण हवा ‘टणक लागली की झाली’ असे मानणारे आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत.

लहान मोटारीला साधारण ३० ते ३५ पौंड हवा लागते. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना शेतात १२ ते १५ पौंडांच्या आसपासच पुरते. तेथे मोटारीसारखी टणक हवा भरली तर टायर नुसते मधल्या पट्ट्यावर टेकते, चाक जागच्या जागी फिरते, डिझेल जळते आणि जमीन दबते. चाकात पाणी भरलेले असेल तर वॉल्व्ह वर येईल असे चाक फिरवून मगच गेज लावावे, नाही तर गेजमध्ये पाणी शिरते. हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी मोजावी.

आमच्याकडे हे काम सूनबाईंनी घेतले आहे. दर सोमवारी सकाळी त्या सगळी चाके तपासतात आणि आकडे कॅलेंडरवर लिहितात. एका चाकाचा आकडा दर आठवड्याला दोन-दोन पौंडांनी उतरताना दिसला, तेव्हा आत रुतलेला खिळा रस्त्यावर दगा देण्याआधीच घरी सापडला. श्रावणातली ती रात्र त्या विसरलेल्या नाहीत.

दुसरे : फुंकणी

बाजारात हिला ब्लो-गन किंवा एअर गन म्हणतात. खटका दाबला की हवेचा झोत येतो. हिच्याइतके उपयोगी आणि हिच्याइतके फसवे हत्यार दुसरे नाही.

कडबा, पाचट आणि मळणीच्या कामात रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो आणि इंजिन तापते. इंजिन बंद आणि थंड असताना, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला झोत द्यावा. बाहेरून आत मारला तर कचरा अधिकच घट्ट बसतो. फार जवळूनही मारू नये, जाळीची पाती वाकतात.

कागदी एअर फिल्टर आधी हलकेच झटकावा, मग आतून बाहेर हवा द्यावी. दाब ३० पौंडांच्या आत ठेवावा. त्यानंतर आत बॅटरी धरून पाहावे. कोठे सुईएवढा उजेड बाहेर दिसला तर फिल्टर टाकून द्यावा. दोनशे-चारशे रुपयांची ती काटकसर इंजिनाच्या बोअरला महाग पडते. जुन्या ट्रॅक्टरवरचा तेलाचा फिल्टर मात्र फुंकायचा नसतो. त्याचे तेल बदलावे आणि जाळी डिझेलने धुवावी.

आणि फवारणी पंपाचे नोझल! ते तुंबले की आपण तोंडाने फुंकतो. ही सवय आजच सोडा. औषध थेट ओठांवर येते. नोझल आधी पाण्याने धुवावे, मग फुंकणीने साफ करावे. या एका कामासाठी जरी घरात कॉम्प्रेसर असला तरी मी त्याला वावगे म्हणणार नाही.

ब्रेकच्या ड्रमवर मात्र हवा मारू नये. ब्रेकच्या लायनरमध्ये, विशेषतः जुन्या, ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसात गेली की पुढे कर्करोगापर्यंत मजल जाते. तेथे ओले फडके वापरावे.

तिसरे : नट सोडवायची गन

अर्ध्या इंची चौकाची गन घ्यावी. मोटार, जीप आणि ट्रॅक्टरची पुष्कळशी कामे तिच्यात होतात. तिच्यावर लावायच्या गोट्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या टोप्या, काळ्या रंगाच्या आणि गनसाठीच बनवलेल्या असाव्यात. हाताच्या पान्याच्या चकचकीत गोट्या गनच्या ठोक्यांनी फुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो. डोळ्याला चष्मा हवाच.

गनच्या आत फिरणारी पाती असतात. काम सुरू करताना हवेच्या तोंडातून हवेच्या हत्यारांचे तेल तीन-चार थेंब सोडावे आणि काम संपल्यावर पुन्हा. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर गनचे निम्मे काम तेलच करते.

आता बसवताना. चाक जागेवर धरून सगळे नट आधी बोटांनी फिरवावेत. बोटांनी आटे धरत नसतील तर नट वाकडा बसतो आहे असे समजावे. मग समोरासमोरचे नट पान्याने टेकवावेत, म्हणजे चाक एका बाजूला ओढले जात नाही. जॅक उतरवून चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा जोर हाताने द्यावा. ठरलेल्या जोराला ‘कट्’ असा आवाज करणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. तो घेण्यासाठी संचातली दोन हत्यारे कमी घेतली तरी चालतील. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा पाहावेत. आणि दुकानात टायर बदलून आणले तर घरी आल्यावर चारही नट आपल्या पान्याने सैल करून पुन्हा आवळावेत. गाडीतला पाना त्या नटाला सोडवू शकतो की नाही, हे रात्रीच्या ओढ्याकाठी नव्हे, दिवसा अंगणात कळलेले बरे.

चौथे : रंगाची गन

पावसाळ्यापूर्वी नांगर, कल्टिव्हेटर, ट्रॉलीचे पत्रे यांना रेड ऑक्साइड मारायला लहान, वरच्या वाटीची गन पुरते. नळीत पाणी अडवणारी बाटली बसवावी, नाही तर रंगावर फोड येतात. तेल सोडलेली नळी रंगाला वापरू नये. रंगाला वेगळी नळी ठेवावी. तोंडाला रंगकामाचा मुखवटा लावावा, जागा मोकळी असावी. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून चूल, विडी आणि खुद्द कॉम्प्रेसरही लांब ठेवावा.

ग्रीस मारायला आमची हाताचीच गन आहे. चार-सहा निपलांसाठी हवेची गन घेण्यात अर्थ नाही.

जपायच्या गोष्टी

आता जे सांगतो ते घरातल्या सर्वांनी, मुलांसह, वाचावे.

हवा मऊ वाटते, पण १२० पौंड दाब म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या चौरस इंचावर ५४ किलोंचा भार. कपड्यावरची धूळ झटकायला फुंकणी अंगावर धरू नये. धुळीचा कण डोळ्यात घुसतो आणि कातडीतून हवा आत शिरू शकते. थट्टेने कोणाच्या पाठीमागे नळी धरण्याचा अघोरी खेळ काही जागी झाला आहे आणि आतडी फाटून माणसे दगावली आहेत. ही थट्टा नव्हे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. अमेरिकेत कारखान्यांच्या नियमांत सफाईच्या हवेला ३० पौंडांची मर्यादा घातली आहे. ती आपणही पाळावी.

टायर भरताना चाकाच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. ट्रॉलीचे टायर तर फारच जपून भरावे. चिमटीची लांब नळी घ्यावी असे म्हटले ते यासाठीच. मोटारीचे टायर रिमवर बसवताना ४० पौंडांपर्यंत कडा बसली नाही तर हवा सोडून द्यावी आणि कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवावे. हट्टाने हवा वाढवू नये. कडीच्या रिमचे जुने चाक असेल तर नट खोलण्याआधी सगळी हवा काढावी. टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग तर कधीच करू नये. आतली हवा तापून टायर बॉम्बसारखे फुटते.

शेतात पी. व्ही. सी. पाईपचे तुकडे पडलेलेच असतात. ‘शेडात हवेची लाईन यातूनच करू’ असे आमच्याही मनात आले होते. करू नये. पाण्याच्या दाबाने तो पाईप चिरतो, पण हवेच्या दाबाने त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि त्या सुरीसारख्या लागतात. जुन्या गॅसच्या टाकीला फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून घरी यंत्र बनवणारे हुशार हातही खेडोपाडी आहेत. त्यांची हुशारी मान्य, पण ती टाकी या कामासाठी नाही. आणि वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन हवेऐवजी कोणत्याही हत्याराला किंवा टायरला लावू नये. तेलाशी गाठ पडताच भडका उडतो.

शेवटची गोष्ट टाकीच्या पोटाखालच्या लहानशा नळाची. हवा दाबली की तिच्यातली ओल पाणी होऊन तळाला साचते. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाच्या कामानंतर तांबूस पाणी निघते. तो तांबूस रंग टाकीच्याच पत्र्याचा, म्हणजे टाकी आतून खाल्ली जाते आहे. रोज काम संपले की यंत्र बंद करून हा नळ सोडावा. सुरक्षा-वॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहावी. तो वॉल्व्ह गळतो म्हणून ठोकून बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पत्र्याला गंजाचे भोक पडले तर वेल्डिंगचे ठिगळ न लावता टाकीच बदलावी. तेलाची काच, पट्ट्यावरची जाळी आणि अर्थिंग हेही पाहत जावे. गावात वीज कमी दाबाने येते तेव्हा मोटर नुसती गुंगते, फिरत नाही. अशा वेळी लगेच बटण बंद करावे, नाही तर मोटर जळते.

तर मंडळी, कॉम्प्रेसर घ्यावा काय? दारात दोन-तीन वाहने असतील, घरात हात चालणारे माणूस असेल, तर जरूर घ्यावा. गेज आणि फुंकणी पहिल्या दिवशी घ्यावी, गन पुढच्या हंगामात, बाकीचे गरज पडेल तसे.

आमच्या शेडात गन आणि टॉर्क पाना एकाच खिळ्यावर टांगलेले आहेत. पाना आत, गन बाहेर. म्हणजे गन जागेवर ठेवायची तर आधी पाना जागेवर गेलेला असला पाहिजे. एवढ्या साध्या युक्तीने पुतण्याची सवय गेली. त्यानंतर बोल्ट तुटला नाही, आणि गाडीतल्या फूटभर पान्याने सूनबाईंना कोणतेही चाक एकटीने सोडवता येते.